गाडीचं ॲव्हरेज खरं सांगा: मोटार कंपन्यांना आणि आकड्यांवर शिक्का मारणाऱ्यांना खुलं पत्र

प्रति,
मोटारगाड्या बनवणाऱ्या सर्व कंपन्या आणि त्यांच्या इंधनखपतीचे आकडे प्रमाणित करणाऱ्या सर्व यंत्रणा,

स. न. वि. वि.

तुम्ही विकलेल्या गाड्या दुरुस्त करून मी पोट भरतो. गळणारं ऑईल, तापणारं इंजिन, घसरणारा क्लच हे सगळं माझ्याकडे येतंच, पण सगळ्यांत जास्त वेळा कानावर पडणारं वाक्य एकच आहे: "गाडी ॲव्हरेज देत नाही." समोरच्या माणसाच्या डोक्यात गाडी घेताना सांगितलेला आकडा घट्ट बसलेला असतो. टाकी फुल करून त्याने स्वतः हिशोब मांडलेला असतो आणि दोन्ही जुळत नाहीत, तेव्हा आपल्याच गाडीत काहीतरी बिघाड आहे असं त्याला वाटतं. मी प्लग काढून बघतो. एअर फिल्टर बघतो. गाडी जॅकवर घेऊन चाकं हाताने फिरवतो, ब्रेक कुठे धरून राहिलाय का ते तपासतो. टायरमधली हवा मोजतो, गाडीच्या कॉम्प्युटरमधले आकडे वाचणारा स्कॅनर लावतो. बहुतेक वेळा गाडी ठणठणीत निघते. ती जे देते आहे तेवढंच ती देऊ शकते, आकडाच मुळात तिचा नसतो.

हे त्या माणसाला समजावणं माझ्या वाट्याला येतं. काही जणांना पटतं, काही जण मी काम टाळतोय असं समजून दुसरीकडे जातात आणि नको असलेले पार्ट बदलून घेतात. पैसा त्यांचा जातो. हे सगळं गपगुमान सोसत राहायची माझी आता तयारी नाही, कारण प्रश्न मोठा होत चाललाय. पेट्रोल आणि डिझेलच्या जागी तुम्ही इथेनॉलचं मिश्रण, सीएनजी, बॅटरी, हायड्रोजन आणता आहात. आणायलाच हवं. दिवसभर सायलेन्सरच्या धुरात उभं राहणाऱ्या माणसाला त्याची गरज कोणी पटवून द्यायला नको. पण लिटरमागे किती किलोमीटर, एवढ्या साध्या प्रश्नाचं सरळ उत्तर ज्यांनी कधी दिलं नाही, त्यांनी आता चार वेगळी इंधनं चार वेगळ्या मापांत आमच्यापुढे ठेवली आहेत. म्हणून माझं गाऱ्हाणं इथे उघडपणे मांडतो आहे.

पहिली गोष्ट चाचणीची. माहितीपत्रकातलं ॲव्हरेज बंद खोलीत रोलरवर मोजलं जातं, हे गाडी घेणाऱ्या बहुतेकांना ठाऊकच नसतं. चाकं रोलरवर फिरतात, गाडी जागची हलत नाही, समोरून खरा वारा नाही, चढ नाही, खड्डा नाही. रस्त्यावर गाडीला किती विरोध होतो हे रोलरला आधी सांगावं लागतं. त्यासाठी गाडी मोकळ्या ट्रॅकवर वेगात नेऊन न्यूट्रलमध्ये सोडतात आणि ती किती वेळात मंदावते ते मोजतात. सगळी गोम या मोजणीत आहे. टायर जरा जास्त कडक ठेवले, दिवस आणि रस्ता सोयीचा निवडला, की विरोध कमी निघतो आणि पुढचा प्रत्येक आकडा गोड होतो.

हा माझा संशय नाही, नोंदवलेला इतिहास आहे. ह्युंदाई आणि किया यांना २०१२ मध्ये अमेरिकेत सुमारे ९ लाख गाड्यांचे जाहीर केलेले आकडे खाली आणावे लागले, आणि घोळ नेमका याच विरोधाच्या मोजणीत होता. २०१६ मध्ये मित्सुबिशीने जपानमध्ये सव्वासहा लाख छोट्या गाड्यांच्या इंधनखपतीच्या चाचण्यांत फेरफार केल्याची कबुली दिली. फोक्सवागनचं २०१५ मधलं डिझेल प्रकरण खपतीचं नव्हतं, नायट्रोजनच्या विषारी ऑक्साइडचं होतं, पण त्याने एक गोष्ट कायमची दाखवून दिली: आपली चाचणी चालू आहे हे गाडीच्या कॉम्प्युटरला ओळखता येतं आणि तेवढ्यापुरतं शहाण्यासारखं वागताही येतं.

नियम सुधारले हे मी नाकारत नाही. युरोपात २०१७ पासून जुन्या चाचणीच्या जागी डब्ल्यूएलटीपी ही नवी चाचणी आली. ती जास्त वेळ चालते, जास्त वेगापर्यंत जाते. पण तिच्यातही एसी बंद असतो. माझ्याकडे येणाऱ्या गाड्यांतला एसी कडक उन्हाळ्यात कोण बंद ठेवतं, हे मला कळलेलं नाही. थंड प्रदेशात सकाळी इंजिन गरम व्हायच्या आतच पाच किलोमीटरचा प्रवास संपतो आणि गार इंजिन जास्त पेट्रोल पितं. ज्याच्या वाट्याला रोज असाच प्रवास येतो, त्याला माहितीपत्रकातला एकुलता एक आकडा काय सांगणार?

आता माझी सगळ्यांत मोठी तक्रार. खरा आकडा गाडीतच असतो. आजच्या गाडीचा ईसीयू, म्हणजे इंजिन सांभाळणारा कॉम्प्युटर, इंधन फवारणारा प्रत्येक इंजेक्टर किती वेळ उघडा ठेवायचा हे स्वतः ठरवतो, म्हणजे किती इंधन गेलं हे त्याच्याइतकं नेमकं कोणालाच माहीत नसतं. युरोपात २०२१ पासून विकल्या जाणाऱ्या प्रत्येक नव्या मोटारीत गाडीच्या आयुष्यभराची इंधनखपत नोंदवणारी यंत्रणा सक्तीची आहे. तिथे कंपन्यांना ती नोंद गोळा करून द्यावी लागते. त्या नोंदींवर आधारलेला युरोपीय आयोगाचा अहवाल मार्च २०२४ मध्ये आला. पेट्रोल आणि डिझेल गाड्यांचं रस्त्यावरचं प्रदूषण चाचणीच्या आकड्यापेक्षा सरासरी सुमारे २० टक्के जास्त निघालं. कार्बन डायऑक्साइड जळालेल्या इंधनाच्या प्रमाणातच बाहेर पडतो, तेव्हा खपतही तेवढीच जास्त. आणि ज्या प्लग-इन हायब्रिड गाड्या, म्हणजे इंजिनासोबत प्लगला लावून चार्ज होणारी बॅटरी असलेल्या, निम्म्या विजेच्या म्हणून विकल्या गेल्या, त्यांचं रस्त्यावरचं प्रदूषण चाचणीच्या आकड्याच्या साडेतीन पट निघालं. साडेतीन टक्के नव्हे, साडेतीन पट. चाचणीने धरून चाललं होतं की मालक गाडी नेमाने चार्ज करेल. प्रत्यक्षात लोक ती पेट्रोलवरच दामटत राहिले, आणि जड बॅटरीचं ओझं त्या पेट्रोलने वाहिलं.

हा अहवाल आला म्हणून आपल्याला ते कळलं. जिथे अशी सक्ती नाही तिथे हीच नोंद ईसीयूमध्ये पडून राहते. डॅशबोर्डवर जे सरासरी ॲव्हरेज दिसतं ते पुष्कळ गाड्यांत पंपावरच्या हिशोबापेक्षा जास्त दाखवतं, आणि त्यामागचा मूळ आकडा माझ्यासारख्या कारागिराच्या साध्या स्कॅनरला वाचता येत नाही. गाडी ज्याने विकत घेतली, इंधन ज्याने भरलं, त्याची नोंद त्यालाच मिळू नये याला कारण काय? मला आजवर कोणी दिलेलं नाही.

तिसरी तक्रार वजनाची. इंजिनं सुधारली, हे मी रोज हात काळे करून बघतो. थेट सिलिंडरमध्ये इंधन सोडणारे इंजेक्टर, वेळेनुसार बदलणारे व्हॉल्व्ह, पातळ ऑईल, ब्रेकची ऊर्जा परत साठवणारी हायब्रिड यंत्रणा. पहिली प्रिअस १९९७ मध्ये आली, तेव्हापासून ब्रेक लावताना जाणारी ऊर्जा वाचवता येते हे सिद्ध झालेलं आहे. मग ॲव्हरेज त्या मानाने वाढलं का नाही? कारण जे इंजिनाने कमावलं ते तुम्ही बॉडीने खर्च केलं. १९९९ मध्ये होंडाची पहिली इनसाइट ८५० किलोच्या आत होती आणि त्याच वर्षी फोक्सवागनने १०० किलोमीटरला ३ लिटर डिझेलवर चालणारी लुपो विकायला काढली. पंचवीस वर्षांपूर्वी जमलेली ही गोष्ट आहे. आणि आज? आंतरराष्ट्रीय ऊर्जा संस्थेच्या नोंदीप्रमाणे २०२३ मध्ये जगात विकल्या गेलेल्या मोटारींपैकी ४८ टक्के एसयूव्ही होत्या. मध्यम आकाराच्या साध्या गाडीपेक्षा एसयूव्ही दोनशे-तीनशे किलोंनी जड असते. वर तिचं तोंड रुंद आणि उंच. हवेचा विरोध वेगाच्या वर्गाने वाढतो: ताशी ८० वरून १०० वर गेलं की तो दीडपटीहून जास्त होतो, आणि जितकं तोंड मोठं तितका हा भुर्दंड मोठा.

लोकांनाच मोठी गाडी हवी असते, असं तुम्ही म्हणाल. लोकांना उंच सीट हवी असते, सामानाला जागा हवी असते, अपघातात आपलं माणूस वाचावं असं वाटतं. त्यासाठी दोन टनांची गाडीच लागते हे तुम्ही जाहिरातींतून शिकवलं, आणि नियम करणाऱ्यांनी त्याला वाट करून दिली. तेलाच्या १९७३ च्या टंचाईनंतर अमेरिकेने १९७५ मध्ये इंधनखपतीचा कायदा केला, पण छोट्या ट्रकांसाठी वेगळी, सैल मर्यादा ठेवली. शेतात आणि कारखान्यात राबणाऱ्या वाहनांसाठीची ती सवलत पुढे एसयूव्हींनी घेतली. कुटुंबाची गाडी कागदावर ट्रक झाली. इतर देशांतही गाडी जड असली की मर्यादा सैल, असे नियम झाले. हलकी गाडी बनवणाऱ्याला मग त्याचा पुरता फायदा मिळत नाही.

चौथी तक्रार नव्या इंधनांची, आणि इथे मी जरा सविस्तर लिहिणार आहे, कारण गोंधळ इथेच जास्त आहे.

इथेनॉलपासून सुरुवात करतो. एक लिटर पेट्रोलमध्ये सुमारे ३२ मेगाजूल ऊर्जा असते, एक लिटर इथेनॉलमध्ये २१ च्या आसपास. म्हणजे जवळजवळ एक तृतीयांश कमी. २० टक्के इथेनॉल मिसळलं की लिटरमागची ऊर्जा साधारण ७ टक्क्यांनी घटते. हे मला स्कॅनरवर दिसतं. फ्युएल ट्रिम नावाचा एक आकडा असतो: ऑक्सिजन सेन्सर सांगतो की मिश्रण पातळ आहे, आणि ईसीयू इंजेक्टर जरा जास्त वेळ उघडा ठेवतो. पेट्रोलवर शून्याच्या आसपास असणारा तो आकडा इथेनॉल वाढलं की अधिकात सरकतो. गाडी बिघडलेली नसते, ती फक्त कमी ताकदीच्या इंधनाची भरपाई करत असते. या इंधनासाठी न बनवलेल्या जुन्या गाड्यांची गोष्ट वेगळी. त्यांच्या पेट्रोलच्या रबरी नळ्या फुगून मऊ होतात, बोटाने दाबलं तर खड्डा तसाच राहतो. आणि इथेनॉल पाणी ओढतं, त्यामुळे फार दिवस उभ्या राहिलेल्या गाडीच्या टाकीत तळाशी पाण्याचा थर साचू शकतो.

इथेनॉल वाईट आहे असं मी म्हणत नाही. त्याचा ऑक्टेन, म्हणजे दाबाखाली अवेळी पेट न घेण्याची ताकद, पेट्रोलपेक्षा बराच जास्त असतो, म्हणून त्याच्यासाठी म्हणून जास्त कॉम्प्रेशनचं इंजिन बनवलं तर गेलेल्या ऊर्जेपैकी काही भाग परत मिळवता येतो. ब्राझीलने १९७५ मध्ये इथेनॉलचा कार्यक्रम सुरू केला आणि २००३ पासून तिथे कुठल्याही प्रमाणातलं मिश्रण चालवणाऱ्या फ्लेक्स-फ्युएल गाड्या आहेत. पंपावर दोन्ही इंधनं असतात आणि इथेनॉलचा दर पेट्रोलच्या ७० टक्क्यांच्या खाली असेल तरच ते भरायचं, हे तिथल्या साध्या ड्रायव्हरलाही पाठ असतं. माझं म्हणणं एवढंच: निवड आणि माहिती दोन्ही द्या. मिश्रण वाढवायचं, लिटर मात्र तसाच ठेवायचा आणि ॲव्हरेज घटलं की माणसाच्या चालवण्याला दोष द्यायचा, हे चालणार नाही.

सीएनजीचा हिशोब तर अजून फसवा आहे. गॅस जिथे किलोने विकला जातो तिथे जाहिरातही किलोमागे किती किलोमीटर अशी असते, आणि लोक तो आकडा थेट लिटरच्या आकड्याशेजारी ठेवतात. एक किलो सीएनजीमध्ये साधारण दीड लिटर पेट्रोलइतकी ऊर्जा असते. तेव्हा किलोला २४ म्हणजे लिटरला १६ च्या बरोबरीचं. गॅस स्वच्छ जळतो, इंजिनात काजळी कमी धरते, हे मी स्वतः बघतो. पण न जळता निसटलेला मिथेन वीस वर्षांच्या हिशोबात कार्बन डायऑक्साइडच्या ऐंशी पटींहून जास्त उष्णता धरून ठेवतो. गळका जॉइंट म्हणजे नुसतं मालकाचं नुकसान नव्हे.

विजेची गाडी या सगळ्यांत उजवी आहे, असं माझं प्रामाणिक मत आहे, आणि ते माझ्या धंद्याच्या विरोधात जातं. पेट्रोल इंजिनात इंधनाच्या ऊर्जेतला जेमतेम पाव हिस्सा चाकापर्यंत पोचतो, बाकीची रेडिएटर आणि सायलेन्सर वाटे उष्णता म्हणून जाते. विजेच्या गाडीत प्लगमधून घेतलेल्या ऊर्जेचा तीन चतुर्थांशाहून जास्त भाग चाकाला मिळतो. एक लिटर पेट्रोल म्हणजे सुमारे ९ युनिट ऊर्जा. लिटरला १५ देणारी गाडी १०० किलोमीटरला ६० युनिट खाते, तेवढ्याच आकाराची विजेची गाडी १८ च्या आसपास. मग तुम्हाला लपवालपवी करायची गरजच काय? चार्जिंगमध्ये दहाएक टक्के वीज वाया जाते, ती डॅशबोर्ड मोजत नाही, बिल मोजतं. थंडीत रेंज घटते. आणि वीज निव्वळ कोळशाची असेल तर हवामानाच्या दृष्टीने होणारा फायदा जवळजवळ संपतो. ती वीज जशी स्वच्छ होत जाईल तशी तीच गाडी स्वच्छ होत जाते, पेट्रोलच्या गाडीचं तसं कधी होत नाही. हे सगळं सांगा ना.

हायड्रोजनबद्दल थोडक्यात. पाण्यापासून एक किलो हायड्रोजन काढून तो ७०० बार दाबाने टाकीत भरायला ५५ ते ६० युनिट वीज लागते. त्यावर फ्युएल सेलची, म्हणजे हायड्रोजनपासून गाडीतच वीज बनवणारी, मोटार १०० किलोमीटरच्या आसपास जाते. तीच वीज सरळ बॅटरीत भरली तर तीनशे किलोमीटर. शिवाय आज बनणारा बहुतेक हायड्रोजन नैसर्गिक वायू आणि कोळशापासून येतो. लांब पल्ल्याच्या अवजड वाहनांसाठी किंवा कारखान्यांसाठी त्यावर जरूर काम करा. घरगुती मोटारीचं भविष्य म्हणून तो मिरवताना मात्र हा हिशोब शेजारी लिहा.

आणखी एक बाब, जिला खर्च काहीच नाही. चालवणाऱ्याला कोणी काही शिकवत नाही. उतारावर न्यूट्रल केलं की पेट्रोल वाचतं, असं असंख्य लोक मानतात. गाडी गिअरमध्ये असताना ॲक्सिलरेटर सोडला की आजचा ईसीयू इंजेक्टर पूर्ण बंद करतो, स्कॅनरवर खपत शून्य दिसते. न्यूट्रलमध्ये मात्र इंजिन चालू ठेवायला इंधन लागतंच, आणि उतारावर इंजिनाचा ब्रेकही हातचा जातो. टायरचंही तसंच. नव्या गाडीला तुम्ही कमी घर्षणाचे टायर देता, कारण चाचणीत ते मोजलं जातं. ते झिजले की मालक मिळतील ते टायर घालतो आणि ॲव्हरेज का पडलं ते त्याला कळत नाही.

तर माझ्या मागण्या अशा.

एक, प्रत्येक नव्या गाडीत आयुष्यभराच्या खऱ्या खपतीची नोंद सक्तीची करा आणि ती मालकाला व त्याच्या पसंतीच्या कारागिराला वेगळी फी न घेता वाचता येऊ द्या. दोन, त्या नोंदींवरून प्रत्येक मॉडेलचं रस्त्यावरचं सरासरी ॲव्हरेज दरवर्षी जाहीर करा, मालकाचं नाव किंवा ठावठिकाणा न जोडता. जाहिरातीत चाचणीचा आकडा छापायचा असेल तर हा त्याच्या शेजारी, तितक्याच मोठ्या अक्षरात छापा. चाचणीत एसी चालू ठेवा, थंड इंजिनाचा आणि शहरातल्या गर्दीचा आकडा वेगळा द्या. रोलरला दिलेला विरोध कंपनीच्या शब्दावर न घेता शोरूममधून उचललेल्या गाडीवर तिऱ्हाइताकडून तपासून घ्या.

नियम करणाऱ्यांना: जड गाडीला मिळणारी सवलत काढा. हलकेपणाला बक्षीस द्या. प्लग-इन हायब्रिडला तिची खरी नोंद बघूनच श्रेय द्या.

इंधनांबाबत: पेट्रोल, मिश्रण, गॅस, वीज, हायड्रोजन, सगळ्यांची खपत १०० किलोमीटरला किती युनिट या एकाच मापात लिहा, आणि खाली ते इंधन किंवा वीज बनवताना किती ऊर्जा गेली तेही. पंपावर मिश्रणातलं इथेनॉलचं प्रमाण आणि लिटरमागची ऊर्जा स्पष्ट लावा. जुन्या गाड्यांना चालेल असं इंधन त्या रस्त्यावर असेपर्यंत मिळत राहू द्या, आणि कोणती गाडी किती मिश्रण सोसते याची मॉडेलवार, वर्षवार यादी कंपन्यांनी स्वतः प्रसिद्ध करावी. यादी चुकली आणि नळ्या किंवा पंप गेले तर खर्च कंपनीने द्यावा.

यातल्या कुठल्याही मागणीसाठी नवा शोध लागायचा बाकी नाही. उत्तर मला खाजगीत नको. ज्या जाहिरातींतून ॲव्हरेज सांगता तिथेच, सगळ्यांना वाचता येईल असं द्या. यातलं काय मान्य, काय अमान्य आणि का, तेवढं मुद्देसूद लिहा. येणाऱ्या प्रत्येक माणसाला ते मी वाचायला देईन.

कळावे,
तुमच्या गाड्या दुरुस्त करणारा एक मेकॅनिक